परवाना खिशात असला तरी बंदूक घरीच

वाचकांचे प्रश्न : जंगल, कायदा आणि हत्यार

पावसाळ्यात बंद असलेले ताडोब्याच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे १ ऑक्टोबरला उघडतात आणि पुण्याहून विदर्भाकडे गाड्या निघू लागतात. या वेळी निवडलेली पत्रे मात्र वाघ कुठल्या गेटवर दिसतो याबद्दलची नाहीत. जंगलात शिरताना बरोबर काय असू नये, याबद्दलची आहेत. बहुतेक पत्रांत एकच गैरसमज निरनिराळी सोंगे घेऊन आला आहे: पोलिसांनी परवाना दिला म्हणजे जंगलातही चालते.

प्रश्न : माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी .३२ बोअरचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. दिवाळीनंतर कुटुंबासह स्वतःच्या गाडीने ताडोब्याला निघतो आहोत. रात्रीचा प्रवास असल्याने ते बरोबर ठेवायचे आहे. परवान्यावर 'संपूर्ण महाराष्ट्र' असे क्षेत्र लिहिले आहे. सफारीच्या वेळी ते गाडीत किंवा रिसॉर्टवर ठेवले तर चालेल का? (कोथरूड)

उद्यानात नेता येणार नाही, हे आधी. परवान्यावर 'संपूर्ण महाराष्ट्र' असो की 'संपूर्ण भारत', उत्तर बदलत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ खालचा परवाना एवढेच सांगतो की, हे शस्त्र या माणसाने या हद्दीत बाळगायला हरकत नाही. अभयारण्यात काय न्यायचे, हे ठरवतो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांची आगाऊ लेखी परवानगी असल्याशिवाय कोणालाही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. कलम ३५ मधल्या आठव्या पोटकलमाने हीच बंदी राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. ताडोब्याच्या गाभ्यात तर दोन्ही आहेत. १९५५ मध्ये जाहीर झालेले राष्ट्रीय उद्यान सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे, आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य सुमारे ५०९ चौरस किलोमीटरचे. जिप्सी कोणत्या क्षणी यातल्या कुठल्या भागात आहे, हे बसणाऱ्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. नियम एकच आहे.

ती लेखी परवानगी मिळवता येईल का? महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षक म्हणजे नागपूरला बसणारे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव). जखमी वाघाला बेशुद्ध करणारा पशुवैद्य, संशोधनासाठी जनावर पकडून कॉलर लावणारे पथक, अशांसाठी ती परवानगी असते. 'सहकुटुंब सहल, रात्रीचा प्रवास' या कारणावर अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

काही जण म्हणतात, गोळ्या काढून ठेवतो, रिव्हॉल्व्हर डिकीत आणि काडतुसे पिशवीत. कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येतच दारूगोळा धरलेला आहे. म्हणजे तुम्ही हत्यार अर्धे केले नाही, एकाची दोन केलीत. सुटे भाग करून नेल्यानेही काही सुटत नाही.

आता रिसॉर्ट. इथे लोक खरी चूक करतात. सफारीला जाताना रिव्हॉल्व्हर व्यवस्थापकाकडे किंवा ड्रायव्हरकडे 'तीन तास सांभाळा' म्हणून दिले, तर तेवढा वेळ ते विनापरवाना माणसाच्या ताब्यात असते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ चा भंग त्याचा होतो आणि शस्त्र सोपवणारे तुम्ही असता. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर मर्यादित सवलत आहे, सफारीसाठी नाही. खोलीतल्या कपाटात ठेवाल, तर ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तुमची आणि खोलीची दुसरी किल्ली हॉटेलची. शिवाय बरीच रिसॉर्ट बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, जंगलाला खेटून आहेत. तिथे वनखात्याने गाडी तपासली तर आधी संशय शिकारीचाच येतो.

म्हणून निघण्यापूर्वी पुण्यातच सोय करा. घरात भक्कम, भिंतीत बसवलेली तिजोरी असेल आणि घर रिकामे राहणार नसेल तर शस्त्र घरी. घर बंद राहणार असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ठेव स्वीकारणाऱ्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या आहे ना, हे तिथेच उभे राहून ताडून पाहा. काडतुसांचा आकडा लिहून घ्यायचा राहून जातो आणि परत घेताना वाद होतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका, दोन-तीन दिवस हातात ठेवा.

रात्रीच्या प्रवासाची काळजी समजण्यासारखी आहे. तिच्यावर इलाज रात्री प्रवास न करण्याचा आहे. पुणे ते चंद्रपूर हे अंतर एका दमात गाडी चालवण्याचे नाहीच. वाटेत मुक्काम करा. सकाळच्या सफारीला रात्रभर गाडी हाकून पोहोचलेला माणूस जिप्सीत झोपतो.

प्रश्न : शस्त्र सापडले तर नेमके काय होते? दंड भरून सुटता येते का? (वारजे)

वन्यजीव कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वन अधिकारी आणि पोलीस गाडीची व सामानाची झडती घेऊ शकतात, हत्यार जप्त करू शकतात, गाडीही ताब्यात घेऊ शकतात. पंचनामा होतो, जबाब होतात, सफारी तर गेलीच. या कायद्याखालच्या सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा एक लाखाचा आकडा २०२२ च्या दुरुस्तीने आला, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याआधी तो २५ हजार होता. जुनी पुस्तके आणि गेटवरचे जुने फलक वाचून हिशेब करू नका.

शिकार झाली असेल तर प्रकरण वेगळ्याच पायरीवर जाते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे, दंड वेगळा. 'शिकार' या शब्दात मारणे तर आलेच. पकडणे, फास लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणेही आले.

काही गुन्हे तडजोडीने मिटवण्याची तरतूद कायद्यात आहे. ती अधिकाऱ्याच्या हातात असते, तुमचा हक्क नसतो, आणि जिथे किमान कैद ठरवली आहे तिथे ती चालत नाही. परवानाधारकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या शस्त्राने गुन्हा झाला, त्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते आणि दोष सिद्ध झाल्यापासून पाच वर्षे नवा परवाना मिळत नाही.

प्रश्न : आम्ही भीमाशंकरला दर श्रावणात जातो. रस्ता तर सार्वजनिक आहे. तिथेही हे लागू होते? (मंचर)

होते. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे, शेकरूसाठी राखलेले, आणि मंदिर त्याच रानात आहे. सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून जाणाऱ्याला प्रवेशाची परवानगी काढावी लागत नाही, ही सूट कलम २७ मध्ये आहे. हत्यारबंदी कलम ३१ मध्ये आहे आणि तिथे अशी सूट लिहिलेली नाही. दोन कलमांची सरमिसळ करून 'रस्ता सार्वजनिक, मग चालतं' असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. नागपूर-जबलपूर महामार्गाचा काही भाग पेंचच्या जंगलातून जातो, तिथेही शस्त्र गाडीत ठेवून वाटेत थांबणे, उतरणे, आडवाटेला वळणे टाळावे.

प्रश्न : आमचा दहा जणांचा गट वासोट्याला जाणार आहे. चाकू, छोटा कोयता आणि मासे धरायचा गळ नेला तर कोणी अडवेल का? चाकू हे हत्यार कसे? तो तर स्वयंपाकघरात असतो. (धनकवडी)

प्रश्न चांगला आहे, कारण इथेच दोन कायद्यांतला फरक उघडा पडतो.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांसाठी माप आहे: पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून विळी, सुरी, खुरपे घेऊन तुम्ही मंडईतून फिरू शकता. वन्यजीव कायद्याने मात्र माप लावलेलेच नाही. त्याची 'हत्यारा'ची व्याख्या दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटके, बंदुका, गळ, चाकू, जाळी, विष, फास आणि सापळे अशी सरळ यादी देते, आणि शेवटी जनावराला बेशुद्ध करू, भुलवू, जखमी करू किंवा मारू शकेल असे कोणतेही साधन जोडते.

बंदूक आणि चाकू एका ओळीत बसवणे शहरी माणसाला अतिरेकी वाटेल. रानात काम करणाऱ्याला वाटणार नाही. आपल्याकडे जनावरे बंदुकीपेक्षा फासाने, गाडीच्या क्लच वायरने, वाघुरीने, तारेत सोडलेल्या विजेने आणि लोखंडी सापळ्यांनी जास्त सहज मारली जातात. त्यांना आवाज नसतो, परवाना लागत नाही, आणि पकडले तरी 'शेतीचं सामान आहे साहेब' म्हणता येते. ती पळवाट बंद करण्यासाठी व्याख्या इतकी रुंद ठेवली आहे. तुमचा सफरचंद कापायचा चाकू तिच्या टप्प्यात येतो तो त्यामुळे.

व्यवहारात काय करावे? वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. बामणोलीहून लाँचने पलीकडे उतरलात की वनखात्याची नोंद होते आणि सामान पाहिले जाते. संध्याकाळपर्यंत परत यायचे असते, मुक्काम नाही. मग कोयता कशासाठी? वाट मळलेली आहे, झुडपे तोडायची नाहीत आणि चूल पेटवायची नाही. अभयारण्यात आग लावण्यावर कलम ३० ची वेगळी बंदी आहे. कोयता घरी राहू द्या.

फळे घरून कापून डब्यात न्या. काकडी-कांदा चिरून, पोळ्यांचे रोल करून न्या. पट्टी कापण्यापुरती बोथट टोकाची कात्री प्रथमोपचाराच्या डब्यात पुरते. घडीचा बहुउपयोगी चाकू खिशात राहिला असेल, तर नोंदीच्या वेळीच दाखवा आणि ठेवून घेतला तर वाद घालू नका. तपासणीत सापडणे आणि आपण दाखवणे यात फार फरक पडतो.

गळाबद्दल मात्र संदिग्धता ठेवू नका. तो यादीत नावानिशी आहे. शिवसागराचे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचे पाणी पाहून हात शिवशिवतो हे खरे, पण काठ अभयारण्याचा आहे आणि मासे धरायला तो जलाशय मोकळा नाही. गळाची काठी गाडीच्या डिकीत विसरून राहते, ती निघण्यापूर्वीच काढा.

प्रश्न : मुलगा बालेवाडीला १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. स्पर्धेहून परतताना वाटेत एखाद्या अभयारण्यात दोन दिवस थांबायचा विचार आहे. एअर रायफलला तर परवाना लागत नाही ना? (बाणेर)

४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या बरीच आत असते. पण पाखरू, ससा जखमी करायची ताकद तिच्यात असते, म्हणून वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने ती हत्यारच आहे, आणि छऱ्यांची डबी दारूगोळा. .२२ ची रायफलही बरोबर असेल तर तिचा परवाना, क्रमांक, काडतुसे हे सगळे पहिल्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणेच.

रायफलची पेटी कोणीतरी थेट घरी घेऊन जाईल, असे बघा. नाहीतर अभयारण्याचा बेत वेगळ्या सुट्टीत करा. दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

याच पत्रात 'फार्महाऊसवर मुले बेचकीने कावळे-कबुतरे टिपतात, ते चालते का' असेही विचारले आहे. अभयारण्य असो नसो, २०२२ च्या दुरुस्तीनंतर बहुसंख्य पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. त्यांना मारणे ही शिकार आहे, अंडी-घरटी मोडणेही. बेचकी असो वा छऱ्याची बंदूक, डब्यावर आणि कागदी निशाणावर नेम धरू द्या, मागे मातीचा बांध असू द्या.

प्रश्न : शूटिंग रेंजवर वापरतो तीच बॅग घेऊन विमानाने नागपूरला गेलो आणि पुढे सफारी केली, तर काही अडचण? (विमाननगर)

बॅग बदला. अस्तराच्या शिवणीत, बाजूच्या खिशात एखादे काडतूस अडकून राहते आणि विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ते दिसते. न्यायालये अशा प्रकरणांत ताबा जाणीवपूर्वक होता का, हे पाहतात. पण तो मुद्दा मांडायची वेळ येईपर्यंत विमान गेलेले असते आणि तुम्ही पोलीस ठाण्यात असता. रिकामे काडतूसही तिथे खुलाशाशिवाय सुटत नाही. बॅग झटकून भागत नाही. खिसे उलटे करा, अस्तर बोटांनी चाचपून पाहा.

प्रश्न : भाऊ पोलीस खात्यात आहे. त्याचे सरकारी पिस्तूल त्याच्याबरोबरच असते. तो आमच्याबरोबर सफारीला आला तर? (खडकी)

सरकारी कामावर असलेल्या लोकसेवकाला शस्त्र अधिनियमातून सूट आहे ती कामापुरती. रजेवर, कुटुंबासह, पर्यटक म्हणून जिप्सीत बसलेला माणूस कामावर नसतो. शस्त्र खात्यात जमा करून यावे. हेच लष्करातल्या वाचकांनाही.

प्रश्न : मग अस्वलाने किंवा बिबट्याने हल्ला केला तर माणसाने मरायचे का? स्वसंरक्षणाचा हक्क आहे की नाही? (हडपसर)

आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा नाही, असे वन्यजीव कायद्याचे कलम ११ म्हणते. पण पुढची ओळ फारसे कोणी वाचत नाही. बचावाची वेळ आली तेव्हा तो माणूस स्वतःच या कायद्याचा भंग करत असेल, तर त्याला या संरक्षणाचा लाभ नाही. म्हणजे बेकायदा नेलेल्या बंदुकीने अस्वलाला गोळी घातलीत, तर 'जीव वाचवला' हा बचाव तुम्ही गेटमधून आत येतानाच गमावलेला असतो. बचावात मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो.

सफारीत वाहनातून उतरायचे नसते, शांत राहायचे असते, मार्गदर्शकाचे ऐकायचे असते. एवढे पाळले तर शस्त्राची गरज पडेल असा प्रसंग येत नाही. गाडीतून उतरून फोटो काढणारा, जनावराला घेरणारा, हाका मारणारा माणूस धोका स्वतः ओढवून घेतो. रिव्हॉल्व्हरची गोळी चालून येणारे अस्वल जागीच थांबवेल याचा भरवसा नसतो. जखमी अस्वल मात्र नक्की अंगावर येते.

प्रश्न : आंबेगाव तालुक्यात आमची शेती आहे. वडिलांच्या नावे बारा बोअरची बंदूक होती. ते दोन वर्षांपूर्वी गेले. बंदूक माळ्यावर आहे. रानडुकरे भुईमूग उकरून टाकतात. बंदूक माझ्या नावावर करून डुकरे मारता येतील का? (घोडेगावजवळचे एक शेतकरी)

यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि पहिला सर्वांत निकडीचा आहे.

बंदूक आजच्या घडीला माळ्यावर असणेच बेकायदा आहे. परवाना वडिलांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. दोन वर्षे हा विलंबच आहे. स्वतः होऊन जमा करा. बरोबर मृत्यूचा दाखला, वडिलांचा मूळ परवाना, उरलेली काडतुसे आणि लेखी अर्ज न्या. बंदूक हातात घेऊन एसटीने जाऊ नका. आधी ठाण्यात जाऊन सांगा, ती कशी आणायची ते विचारून घ्या, आणि पावती घेतल्याशिवाय परत फिरू नका.

मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडला परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागाला जिल्हाधिकारी. तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. आणि इथे भीमाशंकर आडवे येते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही, असे वन्यजीव कायद्याचे कलम ३४ म्हणते. २०२२ नंतर जुन्या परवान्याचे नूतनीकरणही वन्यजीव विभागाला कळवूनच होते. गावापासून अभयारण्याची हद्द किती, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी घेऊन अर्जाला जोडा. ते नसले की फाईल दोन कार्यालयांच्या मध्ये फिरत राहते.

तिसरा प्रश्न डुकरांचा. परवाना मिळाला तरी डुक्कर मारायची मुभा त्यात नसते. पिकाचे नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत कलम ११ खाली कारणांसह लेखी आदेश लागतो. तो आधी, गोळी नंतर. हा क्रम उलटा झाला की शेतकरी आरोपी होतो. कुंपणात घरची वीज सोडणे, कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणे हे तर माणसांच्याही जिवावर बेतते. झटका देऊन सोडणारे सौर कुंपण हा त्यातल्या त्यात शहाणा खर्च आहे, मात्र तारेखालचे गवत दर पंधरवड्याला कापा. ओले गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो आणि डुकरांना ते चार दिवसांत कळते. नुकसानीचे फोटो काढा, उकरलेली जागा पंचनाम्यापर्यंत तशीच ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. तुमच्याकडे बिबट्याही आहे, तेव्हा राखणीला एकट्याने बसू नका.

प्रश्न : पक्षिनिरीक्षणाला जाताना मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलावतो. त्याचा हत्याराशी काही संबंध? (कर्वेनगर)

आहे, आणि तो वाचकांना चकित करेल. व्याख्येत प्राण्याला 'भुलवू' शकणारे साधनही आहे. स्पीकरवर नराची साद लावून दुसऱ्या नराला हद्द राखायला बाहेर काढणे म्हणजे भुलवणेच. कायद्याचे बोट धरून तुमच्यावर कारवाई होईलच असे नाही, पण अभयारण्यात हे करू नये, विणीच्या दिवसांत तर कुठेच. पक्षी अंडी सोडून भांडायला येतो. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा तिथे प्रश्न मिटलेलाच आहे.

प्रश्न : मुलगा एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत आहे. उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला जाणार. त्याचा मित्र म्हणतो, तिथे राष्ट्रीय उद्यानात पिस्तूल नेता येते, अस्वलांसाठी बरोबर घेऊ. हे खरे आहे का? (औंध)

मित्राचे अर्धे खरे आहे. २२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत शस्त्र बाळगण्याला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. यलोस्टोन वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेले आहे. उद्यानातली माहिती केंद्रे, रेंजरची कार्यालये अशा केंद्र सरकारच्या इमारतींत मात्र शस्त्र नेता येत नाही. आणि बाळगता येते म्हणजे झाडता येते असे नाही. उद्यानात गोळी चालवायला आणि शिकारीला बंदी आहे.

तुमच्या घरासाठी महत्त्वाचा भाग पुढचा. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा तिथल्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण नुसती सहल हा त्यांतला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडथळा नाही, म्हणून मित्राला तो माहीत नसेल. मित्र त्याची पिस्तूल आणणार असेल तर ती त्याच्याच ताब्यात राहिली पाहिजे. 'जरा धर' म्हणून मुलाने हातात घेऊ नये, मुलाच्या गाडीच्या कप्प्यातही ठेवू नये. व्हिसा गमावण्याइतकी ती सहल महत्त्वाची नाही.

अस्वलांसाठी तिथे मिरचीच्या अर्काचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे वापरतात आणि यलोस्टोन प्रशासन तो बरोबर ठेवायला सांगते. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा पुण्याहून नेऊ नका, तिथे पोहोचल्यावर घ्या. डब्यावरची मुदत पाहा. पाठीवरच्या बॅगेत कोंबू नका, कमरेला लावा, कारण तो काढायला क्षण-दोन क्षणच मिळतात. सुरक्षा-कडी कशी निघते ते आधी दोनदा करून बघा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर डबा फुटू शकतो. आणि तो डासांच्या औषधासारखा अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो. हौशी पर्यटक हे खरोखर करतात.

तो वापरण्याची वेळ येऊ नये यासाठी अंतर पाळा: अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, बायसन, एल्क (मोठे हरीण) आणि बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड म्हणजे सुमारे २३ मीटर. पुढे कॅलिफोर्नियात योसेमिटीलाही जाणार असाल तर स्प्रे तिथे नेऊ नका. तिथे तोच डबा हत्यार समजला जातो आणि त्याला बंदी आहे.